करवंदातली अळी परवडली, जाळीवरचे औषध नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा मे महिन्यात आमच्या वाडीतल्या एका कुटुंबाने घरामागच्या बांधावरची करवंदीची जाळी आंब्यासाठी आणलेले कीटकनाशक औषध मारून काढली. जाळीला फळ लागलेले होते, बरेचसे काळेही झाले होते. आदल्या दिवशी त्यांच्या घरी सुट्टीला आलेल्या मुलाने करवंदाबरोबर एक हिरवा ढेकूण चावला होता. ओठ चुरचुरले, घाण चव काही केल्या जाईना, पोर रडून रडून थकले. रात्री त्याला रिक्षात घालून तालुक्याला नेले. डॉक्टरांनी तोंड तपासले, चुळा भरायला लावल्या आणि घरी पाठवले. दुसऱ्या सकाळी मुलगा अंगणात खेळत होता आणि घरातली मोठी माणसे पाठीवर पंप घेऊन बांधावर उभी होती. त्या जाळीवर वाडीतली सगळी मुले जातात, म्हणून हे पत्र.

मी संगमेश्वर तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. माझ्या वर्गातली मुले उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, तोरणे, आळू आणि थंडीत बोरे खाऊनच मोठी झाली. रानफळाबरोबर किडा पोटात जाणे ही नवी गोष्ट नाही. नवी आहे ती त्याची धास्ती. गेली काही वर्षे आया मला रस्त्यात थांबवून विचारतात, “बाई, अळी पोटात गेली तर आत वाढणार नाही ना?” या प्रश्नाचे उत्तर वाडीवाडीत पोहोचायला हवे, कारण ते माहीत नसले की हात थेट औषधाच्या बाटलीकडे जातो.

आधी त्या ढेकणाविषयी. हा अंथरुणातला रक्त पिणारा ढेकूण नव्हे. तो झाडाचा रस शोषतो, शेंगा आणि फळांवर बसतो, आणि डिवचला की अंगातल्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतो. त्या वासातली काही रसायने कोथिंबिरीतही असतात, म्हणून कुणाकुणाला तो वास ओळखीचा वाटतो. दाताखाली आला तर जीभ आणि ओठ काही वेळ चुरचुरतात. थुंकावे, साध्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात, वर गुळाचा खडा द्यावा. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा तोंड सुजले तर दवाखाना गाठावा, ते कोणत्याही किड्याच्या बाबतीत खरे आहे. एरवी तो वास तासाभरात विरतो.

जांभळातली, बोरातली, पेरूतली पांढरी अळी बहुतेक वेळा फळमाशीची असते. माशी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी गर खात वाढते आणि पुढे कोष करायला जमिनीत शिरते. जमिनीवर पडल्यावर ती अंगाचे वेटोळे करून टुणकन उडी मारते, हे मी वर्गात मुलांना काचेच्या बशीत दाखवत असे आणि तास संपला तरी मुले हलत नसत. तिला वाढायला फळाचा गर हवा आणि कोषासाठी माती हवी. आपल्या जठरातल्या आम्लात तिचा अन्नातल्या इतर कणांसारखाच निकाल लागतो. मुलांच्या पोटात वाढणारे जंत वेगळ्याच कुळातले. त्यांची अंडी मातीने माखलेल्या हातांतून, न धुतलेल्या भाजीतून, उघड्यावरच्या शौचातून येतात. शाळांत आणि अंगणवाड्यांत २०१५पासून जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी देतात ती या जंतांसाठी. करवंदाला जाण्याआधी आणि आल्यावर हात धुणे यातच खरा बचाव आहे.

पिकलेले उंबर तर कुणी फोडून बघावे. आत बारीक केंबरे असतातच, कारण त्यांच्यावाचून उंबराच्या आतल्या फुलांचे परागीभवनच होत नाही. पिढ्यान् पिढ्या माणसे फुंकर मारून उंबर खात आली. फळात किडे असायचेच, हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनालाही मान्य करावे लागले आहे. तिथल्या नियमाप्रमाणे गोठवलेल्या किंवा डबाबंद रासबेरी-ब्लॅकबेरीत ५०० ग्रॅमला सरासरी चार अळ्या निघाल्या तर माल नाकारण्याजोगा ठरतो, त्याहून कमी असल्या तर चालतो. मावा आणि फुलकिडे तर किडे मोजताना धरतच नाहीत. यंत्रांनी निवडून डब्यात भरलेल्या फळांची ही गोष्ट. आपली करवंदे तर काट्यांतून हाताने काढलेली.

आणि आपल्या मुलांकडे तपासणीची पद्धत आहेच. करवंद अर्धे चावायचे आणि आत बघायचे, लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी. हा खेळ खेळणारे मूल प्रत्येक फळ आतून पाहून खाते. मूठभर करवंदे एकदम तोंडात कोंबणारे मूल काहीच पाहत नाही. शहरातून आलेल्या भाच्या-पुतण्यांना आपल्या मुलांनी हा खेळ शिकवावा, मोठ्यांनी तो थांबवू नये. घरी आणलेली फळे मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली की मऊ फळांतल्या बऱ्याच अळ्या बाहेर येतात, चीकही थोडा सुटतो.

दोन जिवांपासून मात्र सांभाळायचे. केसाळ सुरवंट फळाला किंवा पानाला चिकटलेला असेल तर ती फांदी सोडून द्यावी, त्याचे केस ओठात, घशात रुततात आणि खूप त्रास देतात. दुसरी गोगलगाय, पाठीवर शंख असलेली आणि नसलेलीही. तिच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या जंताच्या अळ्या असू शकतात. कच्ची गोगलगाय पोटात गेली तर त्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतात. हा आजार दुर्मीळ आहे, पण जिवावर बेतू शकतो. करवंदाच्या हंगामात गोगलगायी कोरड्या जमिनीत दडून असतात. पावसाळ्यात जमिनीलगतची फळे आणि पालेभाजी पान न् पान उलटून धुवावी. शाळेच्या बागेत मुले गोगलगायी हातात घेऊन खेळतात, तेव्हाही त्यांना हात धुवायला लावावेत.

आता औषधाकडे येते. आमच्याकडे करवंदीची जाळी आंब्याच्या बागेच्या गडग्यालाच, म्हणजे दगडी कुंपणालाच असते. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात, आणि फुलकिड्यांचा त्रास वाढल्यापासून फवारण्याही वाढल्या आहेत. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नावे आता कलमांखाली राबणाऱ्या बायकांनाही पाठ आहेत. वारा असला की तुषार बांधापलीकडे जातात. यातले इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात उतरणारे. ते फळ धुऊन पुरते जात नाही. आंब्याच्या औषधावर फवारणी आणि काढणी यांत आंब्यासाठी किती दिवस थांबायचे ते दिलेले असते, करवंदासाठीचे दिवस त्यावर नसतात. मग परवा फवारलेल्या जाळीवरचे करवंद कधी खायचे, हे कोण सांगणार? मुले तर विचारणारही नाहीत.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ती मोठी, अनुभवी माणसे होती. डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण काय सांगतो हे त्यांतल्या कितींना कुणी नीट समजावले होते? लाल म्हणजे अति विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. दहा वर्षांच्या मुलाच्या अंगाला तर त्याहून कमी मात्रा पुरते. एका ढेकणाच्या वासासाठी असले विष आपण मुलांच्या खाऊवर ओततो, याचा मला मनापासून संताप येतो.

यात आणखी एक नुकसान आहे. घाटात आणि एस.टी. स्टँडवर पानांच्या द्रोणांत करवंदे विकणाऱ्या कातकरी आणि धनगर बायकांचे एप्रिल-मेचे चार पैसे या फळावर असतात. पहाटे उठून, हात काट्यांनी ओरबाडून घेऊन त्या ‘डोंगरची काळी मैना’ आणतात. हल्ली गिऱ्हाईक द्रोण उलटा करून “किडे नाहीत ना?” विचारते आणि पुढे जाते. मी त्यांच्याकडून बेधडक घेते. कडेकपारीतल्या जाळीवर कुणी पंप घेऊन चढलेले नसते, आणि द्रोणात एखादी मुंगी फिरत असली तर मला उलट हायसे वाटते.

बागायतदारांना माझी विनंती आहे की फळ धरलेल्या करवंदीवर औषध मारूच नये. फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा कलमाला टांगावा. त्यातल्या गंधाला नर माश्या भुलून आत पडतात आणि फळावर काही उडत नाही. तुडतुड्यांसाठी फवारावेच लागले तर वारा पडलेला असताना फवारावे आणि बांधाच्या दोन्ही टोकांना लाल फडके बांधून ठेवावे. कृषी सहायकांनी मोहोराआधीच्या ग्रामसभेत ते सांगावे, आणि शाळांनी परीक्षेच्या शेवटच्या दिवशी मुलांना त्या फडक्याचा अर्थ सांगून सुट्टीवर सोडावे. ज्यांना फडके बांधणे जमणार नाही त्यांनी फवारणीचा दिवस आणि बागेची जागा ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर आदल्या रात्री टाकावी. आमच्या वाडीत ज्या जाळीवर औषध पडले तिथे मी घरच्यांशी बोलून तसे फडके बांधले आहे. यंदाचे तिचे फळ कुणीही खाऊ नये, असे मुलांना घरोघर जाऊन सांगितलेही आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी