मूठ सोडली की खट्ट

शेफील्ड, १८ जानेवारी

प्रिय संज्या,

तिळगुळाचा डबा परवा पोचला. निम्म्या वड्यांचा भुगा झाला होता, तो चमच्याने संपवला. काकूंना सांग, यंदा जायफळ बरोब्बर पडलंय.

तू फोनवर दोनदा विचारलंस, ‘गाडी पडली म्हणजे नक्की काय झालं?’ आणि दोन्ही वेळेला मी ‘किरकोळ रे’ म्हणून विषय बदलला. पडणं खरंच किरकोळ होतं. नंतर मी जे करून ठेवलं, ते किरकोळ नव्हतं. फोनवर सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच सुरू झाला असतास, म्हणून लिहितोय. शिव्या शेवटी एकगठ्ठा घाल. शिवाय तुझ्याकडे तो लडाखवाला डॉक्टर मोटरसायकलच्या हँडलला गरम मुठी, म्हणजे विजेवर तापणाऱ्या, बसवून मागतोय म्हणालास, तेव्हा तुझ्याही उपयोगाचं आहे.

तर डिसेंबरात एका सकाळी घरासमोरच्या उतारावरून गाडी बाहेर काढत होतो. रात्री पाऊस पडून नंतर गोठलेला. रस्ता ओला दिसतो, पण ती असते काच. माझा पाय सटकला आणि होंडा सीबी ५०० एक्स, वजन दोनशे किलोला थोडं कमी, सावकाश उजव्या अंगावर आडवी झाली. इंजिनही चालू नव्हतं. आरशाला खरचटलं, ब्रेकचा लिव्हर जरा वाकला, आणि हँडलच्या टोकाचं वजन असतं ना, बार-एंड, ते आत दाबलं जाऊन मुठीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या नळीची कड चेपली. तुमच्या भाषेत रेस-पाइप. रेस देणारी ही उजवी मूठ पिळली की तिथेच राहायची, सोडली तरी परत येईना.

नळी काही महागाची वस्तू नाही, पण तिच्यावर गरम मूठ चिकटवलेली. ती मूठ फेकवेना. नुसत्या मुठींची जोडीच इथे महाग पडते. म्हणून नळी मोडायची पण मूठ वाचवायची, असा बेत केला.

बार-एंडच्या स्क्रूनेच पहिला तास खाल्ला. इथे थंडीभर रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून, आणि ते मीठ प्रत्येक स्क्रूच्या आट्यांत जाऊन बसतं. शेवटी हातोडीचा इम्पॅक्ट स्क्रू-ड्रायव्हर लावला तेव्हा हलला. पुढचं तुला माहीतच आहे: स्विचच्या डब्याचे दोन स्क्रू, डबा उघडायचा, केबल ढिल्या करायच्या, शिशाच्या गोळ्या खोबणीतून काढायच्या. फक्त इथे केबल दोन आहेत, एक रेस उघडायला ओढते आणि दुसरी बंद करायला. काढण्याआधी एकीवर निळी टेप लावली, नाहीतर अदलाबदल ठरलेली. आपल्या जुन्या यामाहा आरएक्स १०० ला मुठीपासून एकच केबल निघायची आणि पुढे तिला फाटा फुटून एक कार्ब्युरेटरला, एक ऑइल पंपाला, आठवतं का? परत यायचं काम एकट्या स्प्रिंगचं. इथे स्प्रिंग आहेच, वर ही दुसरी केबल. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

नळी मुठीसकट बाहेर आली. कुणीतरी म्हणालं होतं की मूठ फुल्ल गरम कर, डिंक मऊ होतो. केली. काही झालं नाही, कारण तो डिंक म्हणजे फेविक्विकच्या जातीचा, मूठ जेवढी तापते तेवढ्याने त्याला काही होत नाही. मग हॅक्सॉ ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि नळीला आतून उभी चीर पाडायला लागलो. संज्या, हे काम फार जपून. दोन मिलिमीटर प्लॅस्टिक, त्याच्यामागे डिंक, डिंकामागे रबर आणि रबरात तापणारी तार. ब्लेडचा आवाज बदलतो, प्लॅस्टिकवर ‘खर्र’ होतो आणि रबराला लागला की एकदम मुका. मुका झाला की थांबायचं. अशा तीन चिरा पाडल्या आणि मग निमुळत्या पकडीने एकेक पट्टी आत दुमडून ओढून काढली. ढलप्या निघाव्यात तशा निघाल्या. मल्टीमीटर लावला तर सहा ओमच्या आसपास, म्हणजे तार शाबूत. त्या आनंदात चहा टाकला.

नव्या नळीवर उभ्या कंगोऱ्या असतात, साध्या रबरी मुठीची पकड बसावी म्हणून. गरम मूठ आतून गुळगुळीत असते, ती त्या कंगोऱ्यांवरून जात नाही. त्या कानशीने उतरवायच्या, मग पॉलिश पेपर. मोजमाप असं नाही. मूठ कोरडी असताना हाताच्या जोराने दोन तृतीयांश जावी आणि तिथे अडावी, एवढं घासायचं. जास्त घासलीस तर डिंकाच्या भरवशावर राहावं लागतं.

वायरची दिशा मी आधीच ठरवून टेपने खूण केली होती, कारण मागच्या वेळी तिथे चुकलो होतो. तेव्हा वायर खालच्या बाजूला काढली होती, मूठ पिळली की ती पुढे यायची आणि ब्रेक लिव्हरच्या बुडाशी अडायची. आता मूठ बंद असताना वायर माझ्या पोटाकडे तोंड करून, आणि पूर्ण पिळली की जमिनीकडे. मध्ये एक ढिला वळसा, म्हणजे ताण येत नाही.

इथपर्यंत आपल्या गॅरेजवाल्या अण्णांनीही पाठ थोपटली असती. मग मी डिंक लावला.

हा डिंक विचार करायला वेळ देत नाही. नळीवर पट्टे ओढले, मूठ घुसवली, पिळत पिळत आत ढकलली, आणि आतल्या कडेला टेकायला दोन मिलिमीटर राहिले असताना ती धरली. ढकलली, पिळली, कपडा घालून दोन्ही हातांनी जोर केला. ढिम्म. मी मनाशी म्हटलं, दोन मिलिमीटरने काय होतंय? दिसतही नाही.

पण आत दोन मिलिमीटर राहिले म्हणजे बाहेरच्या टोकाला मूठ तेवढी पुढे आली. तिथे मूठ आणि बार-एंड यांच्यामध्ये फट लागते. माझी फट जवळजवळ सगळी त्यातच गेली. कागद जात होता. कागद जातो म्हणजे झालं, असं मी ठरवून टाकलं.

आता खरी कबुली. अण्णा गिऱ्हाइकाला किल्ली देण्याआधी काय करायचे? दुरुस्ती ब्रेकची असो की दिव्याची, बंद गाडीची मूठ पूर्ण पिळायचे आणि सोडून द्यायचे. हँडल सरळ, हँडल डावीकडे, हँडल उजवीकडे. तीन खट्ट. एक जरी कमी पडला तरी गाडी परत स्टँडवर, मग गिऱ्हाईक साताऱ्याच्या पोवई नाक्यावर बोंबलत का उभं राहीना. मीही केलं ते. तिन्ही वेळा मूठ परत आली. पण आवाज खट्ट नव्हता, थप्प होता. मी ऐकला, संज्या. ऐकून स्वतःला सांगितलं की गरम मूठ जाड असते, तिचा आवाज असाच यायचा. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, गॅरेजमध्ये दोन डिग्री होती, आणि मला जेवायचं होतं.

सोमवारी कामावर निघालो. ग्लॉसपला जायचा माझा रस्ता म्हणजे ए ५७, स्नेक पास. नाव वळणांवरून पडलं असं सगळ्यांना वाटतं, पण ते म्हणे तिथल्या जमीनदार घराण्याच्या चिन्हावरच्या सापावरून आलंय. १८२१ सालचा रस्ता. उंची म्हणशील तर माथ्यावर ५१२ मीटर, म्हणजे आपलं सातारा गावच त्याच्याहून उंच, पण इथे तेवढ्यावरही हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद होतो. खाली लेडीबोवरचं धरण लागतं. त्याच्या पाण्यात डर्वेंट आणि ॲशॉप्टन अशी दोन गावं गेली. पुलावरून जाताना मला दर वेळी कोयनेकाठची तुझ्या आजोळची गोष्ट आठवते.

मुठी फुल्लवर होत्या. तळहात शेकतात आणि बोटांच्या पाठीला वारा कापतो, असा तो प्रकार. डावी मूठ नेहमी जरा कमी गरम लागते, कारण ती सरळ धातूच्या दांड्यावर बसते आणि दांडा तिची ऊब पिऊन टाकतो. उजवीच्या खाली प्लॅस्टिकची नळी असते, तिची ऊब राहते. हे पुढच्या हकिगतीत महत्त्वाचं.

माथा ओलांडून ग्लॉसपच्या बाजूला उतरायला लागलो. डावं वळण, वेग ताशी चाळीस मैलांच्या आसपास. वळणाआधी मूठ सोडली आणि गाडी मंदावलीच नाही. ओढतच राहिली, फार नाही, पण उतार आणि वळण दोन्ही पुढे असताना जेवढी नको तेवढी. त्या क्षणी डोक्यात काय आलं सांगू? खंबाटकी घाटात आरएक्सच्या केबलचा तुटका तंतू अडकला होता आणि तू मागे बसून ‘क्लच, क्लच!’ ओरडत होतास. मी क्लच दाबला, इंजिन वर ओरडलं, आणि मनगट पुढे ढकलून मूठ जबरदस्तीने बंद केली. झाली. ती दुसरी केबल म्हटली ना, ती मूठ ढकलून रेस बंद करता यावी म्हणूनच असते. आरएक्सवर तो तंतू अडकला तेव्हा असं ढकलून काही झालं नसतं, केबल नुसती ढिली पडली असती.

पुढे गाडी लावायला जागा होती, तिथे थांबलो. हात थरथरत होते आणि तो थंडीचा दोष नव्हता. इंजिन बंद करून मूठ पिळली, सोडली. अर्ध्यावर थांबली. पुन्हा केली, पुन्हा अर्ध्यावर. मुठी बंद केल्या आणि नुसता बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी मूठ गार झाली. पिळली, सोडली, थप्प. आली परत!

तेव्हा उजेड पडला. रबर तापलं की वाढतं. नंतर घरी हिशेब केला: बारा सेंटिमीटर लांबीची मूठ तीसेक डिग्रीने तापली तर, मोकळी असेल तर, अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढते. इकडून डिंकाने धरलेली, म्हणून वाढायला जागा फक्त बाहेरच्या टोकाला. तिथे माझी कागदाएवढी फट. टोक बार-एंडला घासायला लागलं आणि स्प्रिंग हरली. गॅरेजमध्ये दोन डिग्रीला केलेल्या परीक्षेत हे दिसणारच नव्हतं. पण थप्प दिसला होता की! ऐकायला आला होता.

घरी मुठी बंद ठेवून आलो. बोटं पांढरी पडली, मग जांभळी, मग नळाच्या कोमट पाण्याखाली धरली तेव्हा जी आग झाली ती विचारू नकोस. ती मी प्रायश्चित्तात धरली.

शनिवारी बार-एंड काढला आणि मुठीचं टोक धारदार ब्लेडने गोल छाटलं, अडीच मिलिमीटर. माझ्या मुठीत तापणारी तार त्याच्या आधीच संपते, टोकाला नुसतं रबर आहे, म्हणून छाटता आलं. तू छाटण्याआधी त्या कंपनीचा कागद बघ. आता फट अडीच मिलिमीटरला थोडी वर आहे, दिसते, जरा कुरूप दिसते, राहू दे. नळी आतून कोरडी ठेवली. ग्रीस फक्त केबलच्या गोळ्यांना, नखाएवढं. नळीत ग्रीस भरलं की धूळ धरून त्याची पेस्ट होते, हे अण्णांचंच. मग केबलचा ढिलेपणा बघितला, गाडी स्लोला ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं, रेस हलली नाही.

तुझ्या डॉक्टरचं सांगतो. दोन्ही मुठी मिळून फुल्लवर साधारण चार अँपिअर खातात, म्हणजे पन्नासेक वॅट. आधी त्याच्या गाडीचं चार्जिंग मोज, विशेषतः त्याने पुढे दोन जादा दिवे लावले असतील तर, आणि तो लावणारच. वायर किल्लीनंतरच्या लाइनवर रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाकून घे. सरळ बॅटरीवर घेतलीस आणि तो लडाखात पांगच्या हॉटेलात मॅगी खात बसला, तर परत येईपर्यंत बॅटरी बसलेली असेल. डिंक लावण्याआधी कोरडी मूठ शेवटपर्यंत जाते का ते बघ, गेली नाही तर आणखी घास. आणि हातावर आडवे नकल गार्ड बसव, वारा अडवला नाही तर गरम मुठींचं निम्मं काम वाया जातं.

अण्णांना हे सगळं वाचून दाखवायचं की नाही, तू ठरव. माझं मत, दाखव. त्यांना एक प्रश्नही विचार: गरम मुठीच्या गाडीला तीन खट्ट पुरतात का? मी आता चौथा करतो. मुठी फुल्लवर, दहा मिनिटं थांबायचं आणि मग. आवाजाची क्लिप व्हॉट्सॲपवर वेगळी पाठवतोय. चार खट्ट आहेत, तीन गार मुठीचे आणि एक गरम, पण क्रम मुद्दाम फिरवलाय. फोन अण्णांच्या चांगल्या कानाला लाव आणि गरम कितवा ते ओळखायला सांग.

तुझा,
नंदू