साल टाकायची आणि गोळी चघळायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दुधीच्या कोफ्त्यांची पाककृती होती, त्यात पहिलंच वाक्य 'दुधी सोलून साल टाकून द्या', आणि त्याच पानावर खाली आंब्याच्या कँडीची भलीमोठी जाहिरात. नातवाने लगेच बोट ठेवलं, आजी यात खरं फळ आहे, म्हणजे ही हेल्दीच ना. झालं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाकीट आणवलं.

मागचं अक्षर इतकं बारीक की मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी लिहायचं असा नियम आहे, तो माहीत असला की निम्मं काम होतं. पहिली साखर, मग लिक्विड ग्लुकोज म्हणजे पुन्हा तोच गोडवा, आणि आंब्याचा गर पार खाली, सायट्रिक ॲसिड आणि रंगांच्या नंबरांच्या शेजारी बसलेला. १०० ग्रॅमला ३९० च्या आसपास कॅलरी, प्रोटीन शून्य.

आता साल बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात बटाट्याच्या कच्च्या सालीचे आकडे आहेत: १०० ग्रॅमला ५८ कॅलरी, प्रोटीन अडीच ग्रॅम, फायबर अडीच ग्रॅम, लोह सव्वातीन मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ११ मिलिग्रॅम, पोटॅशियम चारशेच्या वर. आणि हे सगळं आपण रोज सकाळी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकतो.

पण खरं सांगायचं तर ही तुलना थोडी लबाडीचीच आहे, १०० ग्रॅम कँडी एका बैठकीत कोणी खात नाही (आमचं कार्टं सोडून) आणि १०० ग्रॅम साल निघायला किलोभर बटाटे सोलावे लागतील. एक गोळी चार ग्रॅमची धरली तर सोळा कॅलरी, त्याने काही बिघडत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेसाठी जी जास्त कडक मर्यादा सुचवली ती मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे, आणि तशा सहा गोळ्या झाल्या की तिचा मोठा भाग संपलाच, चहा-बिस्किटं अजून मोजलीच नाहीत.

आमच्या सासूबाई दोडक्याच्या शिरा कधी टाकायच्या नाहीत. तव्यावर थेंबभर तेलात खरपूस परतायच्या, वर तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची, की भाकरीबरोबर भाजीच्या आधी चटणी संपायची. दुधीच्या सालीचंही तसंच. फक्त मंडईतून आणलेली भाजी चोळून धुवायची, आणि बटाटा हिरवा पडला असेल तर साल अजिबात खायची नाही, त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं. आणि साल कुरकुरीत लागते म्हणून कढईभर तेलात तळलीत तर मग मला विचारू नका, तेलाला ग्रॅममागे नऊ कॅलरी.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी कोफ्त्यांच्या शेवटी दोन ओळी सालीच्या चटणीच्या छापा, जागा कमी पडली तर जाहिरात जरा लहान करा. नातवाला चटणी आवडली, पण पाकीटही त्यानेच संपवलं.

आपली,
एक नियमित वाचक आजी, कोथरूड, पुणे