रविवारची मॅच आणि एक जुनी गोष्ट

अहमदाबाद, 7 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि आई यांना नमस्कार.

फोनवर बोललो असतो, पण बाबा कानाचं मशीन लावत नाहीत आणि मग मी इकडून ओरडतो ते सगळी सोसायटी ऐकते. म्हणून पत्र. आई, चष्मा लाव आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. शेवटचा भाग जरा सावकाश वाच.

गेल्या रविवारी धाकटीला घेऊन कांकरियाच्या स्टेडियमवर गेलो होतो. बाबा, हेच ते स्टेडियम, 2016 चा कबड्डीचा वर्ल्डकप झाला होता ना, तिथलं. फायनलला इराणला 38-29 नं हरवलं तेव्हा तुम्ही चहाचा कप पालथा केला होता. परवाही समोर इराणच होता, फक्त खेळ आपला होता, फुटबॉल. सतरा वर्षांखालच्या आशियाई कपाचे पात्रता सामने. यजमान आपण, गटात इराण, लेबनॉन, पॅलेस्टाईन आणि चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. पाचांतला एकच वर जाणार.

2017 ला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, सगळ्या पेठा हरखल्या, तेव्हा तुम्ही एकटेच कुरकुरत होता, "यजमान म्हणून आत घेतलंय, पात्र होऊन गेले असते तर मानलं असतं." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बोललात ते अगदीच चूक नव्हतं. पात्रता फेरीत कुणी आयतं काही देत नाही. पहिल्याच मॅचला पॅलेस्टाईनशी 1-1. मग तैपेईला 3-1 नं हरवलं. आणि शुक्रवारी लेबनॉनकडून 0-2 हरले. तीन मॅचमध्ये चार गुण. इराणचे सात. म्हणजे रविवारी त्यांना बरोबरीही पुरली असती, आपल्याला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी खरं सांगतो, धाकटीला वाटेतच म्हटलं होतं, आइस्क्रीम खाऊ, तलावावर फिरू, मॅचचं मनावर घेऊ नको.

पहिला गोल इराणचाच. आमच्या शेजारी एक काका बसले होते, त्यांनी खाखऱ्याचा डबा मिटला आणि पिशवीत ठेवला. मध्यंतर तोंडावर आलं असताना आपल्याला पेनल्टी मिळाली. कॅप्टन दल्लालमुऑन गांगटेनं मारली. 1-1. काकांनी डबा परत काढला. दुसरा हाफ सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच गुनलेइबानं दुसरा गोल घातला, आणि धाकटी माझ्या खांद्यावर चढली. तिचं वजन आता चाळीस किलो आहे, हे ती विसरते. पुढचा वेळ कसा काढला विचारू नका. बॉल आला की लांब हाणायचा, परत आला की परत हाणायचा. आपल्या शाहू स्टेडियमवर एका गोलानं पुढं असलेला तालमीचा संघ शेवटची दहा मिनिटं काढतो ना, अगदी तसंच. शिट्टी वाजली. 2-1. दोघांचे गुण सारखे, पण आपसातली मॅच आपली, म्हणून आपण वर.

कोच गोव्याचे, बिबियानो फर्नांडिस. 2018 ला सोळा वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत यांचीच पोरं क्वार्टर फायनलला दक्षिण कोरियाशी 0-1 हरली होती. ती जिंकली असती तर थेट वर्ल्डकप. पुढच्या वर्षी ताश्कंदला पात्रता फेरीत तर तुर्कमेनिस्तानला पाच, बहारीनला पाच, उझबेकिस्तानशी बरोबरी, गटात पहिले. आणि मग कोरोना आला, स्पर्धाच रद्द. पुढच्या वेळेपर्यंत त्या पोरांचं वय उलटून गेलं. वयाची रेघ कुणासाठी थांबत नाही. यंदाची रेघ 1 जानेवारी 2009 ची आहे, त्याआधी जन्मलेल्याला खेळता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

गणपतीला आलो होतो तेव्हा बाबा ओट्यावर शेजाऱ्यांना सांगत होते, "शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख 1 जून लावली, मी सही केली, त्या सहीनं पोराचं फुटबॉल गेलं." मी आत जेवत होतो. घास गिळला आणि गप्प बसलो. तीस वर्षं गप्पच बसलोय.

दिवाळीत जन्मलेलं पोर जूनमध्ये पहिलीत बसवायचं म्हणजे तारीख मागं घ्यावीच लागायची, निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जूनला होता. दाखल्यावर मी निवडीच्या वयोमर्यादेपेक्षा तीन महिन्यांनी मोठा ठरत होतो हेही खरं. (आता या वयोगटात मनगटाचा एमआरआय काढतात, हाडाची वाढ संपलीय का ते बघतात. तेव्हा असता तरी गुरुजींनी मागं घेतलेले काही महिने त्यात दिसले नसते.) पण जिल्ह्याच्या निवडीला दाखला बघून मला कुणी परत पाठवलं नाही. दोन दिवस खेळवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तारखेचं मी बघून घेतलं असतं रे. पण तुझा डावा पाय नुसता उभं राहायला आहे. आणि बॉल गेला की तू मागं पळत नाहीस."

मी बाहेर लिंबाखाली सायकल धरून उभा होतो. तुम्ही बँकेतून थेट आला होता, शर्टाला शाईचा डाग होता. तुम्ही विचारलंत, काय झालं? मी म्हटलं, तारीख बसत नाही. तुमचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, बाबा.

परवा शिट्टीनंतर इराणचा एक पोरगा मैदानाच्या मधोमध बसला होता, शर्ट डोक्यावर ओढून. आमच्याकडचे सगळे नाचत होते. धाकटी म्हणाली, "त्याच्या बाबांना कोण सांगणार?" तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

आशियाई कप मे महिन्यात सौदीला आहे. सोळा संघांतले पहिले आठ कतारच्या वर्ल्डकपला जातील. तेव्हा दोघं इकडेच या. उकाडा असतो, पण टीव्ही मोठा आहे आणि आवाज हवा तेवढा करता येतो. येताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतले माझे स्टड्स आणा. धाकटीच्या मापाचे असतील. ती दोन्ही पायांनी मारते.

आई, कांदा-लसूण चटणी संपत आली.

बाबा, उत्तर तुम्हीच लिहा. रागावला असाल तर आईकडून लिहवून घ्या.

तुमचा,
बाळू