वासोट्याला निघण्याआधी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुम्ही आठ जण डिसेंबरात एका दिवसात वासोटा किल्ला, नागेश्वरची गुहा आणि परतताना कासचं पठार असा बेत आखलाय, म्हणून आधी तेच लिहितो: नागेश्वर खोडून टाक. कासही टाक. डिसेंबरात पठारावर फुलं नसतात, वाळलेलं गवत बघायला थांबायचं तर थांबा.

कारण साधं आहे. या ट्रेकचं वेळापत्रक पाणी ठरवतं. बामणोलीहून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोटीने मेट इंदवलीला पोचायला तास-सव्वा तास लागतो आणि तेवढाच परतताना. अंधार पडायच्या आत बोट बामणोलीला लागली पाहिजे आणि अभयारण्यात मुक्काम करता येत नाही. म्हणून हिशोब उलटा मांडायचा. साडेचारला पलीकडच्या काठावर बोटीत बसायचंच असं धर. उतरायला पावणेदोन तास, म्हणजे माथा पावणेतीनला सोडला तरी गणित कागदावर जमतं, पण एकाचा पाय मुरगळला की ते कोसळतं. म्हणून दीडला माथा सोडायचा. चढायला विश्रांती धरून दोन ते अडीच तास, माथ्यावर दीड तास. म्हणजे साडेनऊला पायवाटेवर पाऊल पडायला हवं आणि बामणोलीतून बोट आठच्या आत सुटायला हवी. वासोट्याहून नागेश्वर हा धारेवरच्या जंगलातला अडीच-तीन तासांचा वेगळा पल्ला आहे, परतणं निराळंच. तो यात कुठे बसवणार?

यासाठी आदल्या रात्रीच बामणोलीत मुक्काम करा. साताऱ्याहून कासमार्गे तिथवरचा रस्ता घाटाचा आणि अरुंद आहे. पहाटे साताऱ्याहून निघणारे पहिल्या बोटीला क्वचितच वेळेत पोचतात. पेट्रोल साताऱ्यातच भरा. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. बोटी, परवाने, पलीकडची तपासणी सगळीकडे रांग लागते आणि ती रांग तुमच्या सव्वा तासाच्या राखीव वेळातूनच जाते. बोटीचं भाडं माणशी नसून बोटीमागे असतं, त्यामुळे आठ जण म्हणजे बरा आकडा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणालाही बसू देऊ नकोस. ‘पोहता येतं’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. धरणाचं पाणी आहे, बुटांसकट पोहायचं तळं नव्हे.

प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेव. पलीकडे वनखात्याची चौकी आहे. तिथे पिशव्या उघडून प्लॅस्टिकच्या बाटल्या, वेष्टनं मोजतात, अनामत घेतात आणि परतताना तेवढेच नग दाखवले की ती परत मिळते. यात अर्धा-पाऊण तास जातो तो नियमामुळे नाही, आठ पिशव्यांतल्या बिस्किटांच्या चाळीस पुड्यांमुळे. घरूनच सगळं स्टीलच्या डब्यात आणि कापडी पिशवीत भरा. पाच मिनिटांत मोकळे व्हाल.

आता खोऱ्याबद्दल थोडं, कारण नकाशा डोक्यात असला की माणूस कमी चुकतो. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेला वाहते. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिळते. तुम्ही चालणार ती पट्टी नदी आणि कोकणात तुटलेले कडे यांच्या मधली. पूर्वेला उतार आणि शेवटी जलाशय, पश्चिमेला एकदम कडा. रांगेवरून निघणारे ओढे पूर्वेकडे जलाशयात उतरतात आणि उतरताना घळी कोरतात. ‘वाट चुकली तर ओढ्याने खाली उतरा’ हा सल्ला म्हणूनच इथे घातक आहे. ओढा जलाशयालाच जातो हे खरं, पण मध्ये कातळटप्पे असतात. पहिला दहा फुटांचा टप्पा माणूस घसरत उतरतो, पुढचा तीस फुटांचा निघतो, आणि आता खालीही जाता येत नाही आणि वरही चढता येत नाही. समजा उतरलाच, तरी काठाने सलग पायवाट नाही. चुकल्याची शंका आली की जागीच थांबायचं, शेवटची खात्रीची खूण कुठे होती ते आठवायचं आणि आलो तसं मागे फिरायचं.

खुणा ओळखायच्या कशा? मळलेल्या पायवाटेवर झाडांची मुळं घासून गुळगुळीत झालेली असतात, आडव्या फांद्या डोक्याच्या उंचीला तोडलेल्या असतात. गव्यांच्या वाटा रुंद असतात आणि फसवतात: जमीन छान तुडवलेली, पण छातीच्या वर कारवीची झुडपं एकमेकांत गुंतलेली. वाकून चालावं लागायला लागलं की समज, ही वाट माणसांची नाही.

चढणीचं फार वर्णन करत नाही. चौकीपासून थोडं पुढे ओढा आणि काठावर मारुती. तिथून दाट जंगलातून सोंडेवर चढ सुरू होतो. वाटेत नागेश्वरचा फाटा लागतो. तिथे सगळ्यात मागचा माणूस येईपर्यंत पुढच्याने थांबायचं. गट फुटतो तो अशाच ठिकाणी. वर कारवीचा टप्पा, मग उघड्यावर आल्यावर पायऱ्या आणि दरवाज्यांचे अवशेष. पाण्यापासून माथ्यापर्यंत उंचीचा फरक साधारण पाचशे-सहाशे मीटर आहे. चढ अवघड नाही, दमट आहे. दाट झाडीत वारा लागत नाही, घाम वाळत नाही आणि तहान उशिरा कळते. माणशी तीन लिटर पाणी न्या, पहिला लिटर चढतानाच संपवा. डोंगरावर पाण्याची टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर कमी पाणी उचलू नका. लिंबू, मीठ, साखर घराबाहेर पडतानाच डब्यात एकत्र करून ठेवा. पायात गोळे येतात ते बहुतेक उतरताना, आणि मग सगळा गट त्या एकाच्या चालीने चालतो.

उतरताना खरी घसरण पाचोळ्यावर होते. ओल्या मातीवर माणूस जपून पाऊल टाकतो. वाळलेली पानं निरुपद्रवी वाटतात आणि त्यांच्याखाली सुटे गोटे असतात. पाऊल आडवं टाकायचं, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर. मागे रेललात की बैठक मारलीच म्हणून समज. काठी उताराच्या बाजूला टेकायची. आधाराला कारवी धरताना दोन-तीन काड्या एकत्र धर, एकटी वाळकी काडी मोडते. आणि हात टाकण्याआधी तिथे बघ: हिरवा चापडा फांदीवर वेटोळं करून बसला की पानांत मिसळून जातो. कुणाला सर्पदंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. अंगठ्या-कडी काढायची, तो हातपाय फळीसारखा स्थिर ठेवायचा, शक्यतो न चालवता उचलून बोटीकडे. इथून दवाखाना म्हणजे आधी जंगल, मग पाणी, मग घाट. ते अंतर लक्षात ठेवूनच हात-पाय टाकावेत.

जनावरांत गवा दिसायची शक्यता जास्त. वाटेत उभा असेल तर दटावायला जायचं नाही. हळूहळू मागे सरून झाडाआड व्हायचं आणि त्याला निघून जायला वाट मोकळी द्यायची. अस्वलाला अचानक समोर येणं खपत नाही, म्हणून वळणावर बोलत चालावं. बोलत म्हणतोय, स्पीकर लावून नव्हे. मला या सगळ्यांपेक्षा आग्या माशांची धास्ती जास्त वाटते. बाबुकड्यासारख्या उभ्या कातळांवर त्यांची मोहोळं असतात. अत्तर, धूर, कड्यावरून आरोळ्या मारून प्रतिध्वनी ऐकणं, यातलं काहीही करू नका. माशा उठल्याच तर हात न झटकता तोंड-मान कापडाने झाकून झाडीत पळायचं, कड्याच्या दिशेने कधीच नाही. काटे नखाने खरवडून पटकन काढायचे. गवतातून आल्यावर मोज्यांच्या कडा, गुडघ्यामागे गोचीड बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची.

चालताना मध्येच दगडी जोती, बांध, नाहीतर जुने आंबे-फणस दिसतील. ही एकेकाळची गावं. धरणाने गावं उठली. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० पासून चांदोलीसह हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मेट म्हणजे गडाच्या उतारावरची पहाऱ्याची चौकी, म्हणून मेट इंदवली. गाव गेलं तरी नाव बोटवाल्यांच्या तोंडी टिकलंय.

डिसेंबर निवडलास ते बरं केलंस. पावसाळ्यात हे बंद असतं. लगेच नंतर गेलात तर जळवा असतात, आणि उन्हाळ्यात पाणी उतरतं, बोट चौकीपासून लांब लागते आणि मध्ये चिखल तुडवावा लागतो.

मोबाईलला रेंज धरू नकोस. घरी एकाला वेळ सांगून ठेव: रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर बामणोलीत चौकशी करायची. त्यासाठी बोटवाल्याचा नंबर आदल्या रात्रीच घरी कळव. आणि आठ जणांत सगळ्यात हळू कोण चालतो ते मला आधी कळव, वरचं वेळापत्रक त्याच्या चालीने पुन्हा मांडून देतो.

तुझा,
विनय