स्ट्रोकचा पेशंट महिन्याभरात परत अ‍ॅडमिट का होतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्ट्रोक म्हणजे पक्षाघात झालेल्या पेशंटना घरी जाऊन व्यायाम देते. एक गोष्ट इतक्यांदा बघितलीय की आता लिहितेच. पेशंट घरी येतो, घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे, आणि महिना होतो न होतो तोच परत अ‍ॅडमिट. वर ऐकायला काय मिळतं तर "घरी नीट काळजी घेतली नाही का?" अहो पण काळजी कशी घ्यायची हे त्यांना नीट सांगितलं कोणी?

लोकांना वाटतं परत अ‍ॅडमिट म्हणजे परत स्ट्रोकचा अटॅक. तोही येतो, स्ट्रोक झालेल्या साधारण दर चौघांत एकाला तो आधी एकदा होऊन गेलेला असतो. पण सुरुवातीच्या दिवसांत न्यूमोनिया, युरिन इन्फेक्शन, पडून हाड मोडणं असल्या कारणांनी परत जाणारेही खूप असतात, आणि यातलं बरंचसं टाळता येतं.

न्यूमोनियाचंच घ्या. स्ट्रोकने गिळण्याचे स्नायू कमजोर पडतात, घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. ठसका लागला तर निदान कळतं तरी, काहींना ठसकाच लागत नाही, गुपचूप फुफ्फुसात जात राहतं आणि मग ताप. घरी सोडताना सांगतात "हलका आहार द्या". आता हलका म्हणजे काय? घरचे बिचारे सगळं पातळात पातळ करून देतात, तेही पेशंट आडवा असताना, आणि अशा पेशंटच्या श्वासनलिकेत नेमकं पातळच पटकन जातं. कुणाला किती घट्ट चालेल हे गिळण्याची तपासणी करूनच ठरवायला हवं, प्रत्येकाचं वेगळं असतं. पण ताठ बसवून भरवा, लहान घास द्या, आधीचा गिळला का बघा, जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका, तोंड स्वच्छ ठेवा, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो हो?

लघवीच्या नळीचं तेच. कधी काढायची हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलंच नसतं, आणि ती जितके दिवस राहील तितकी इन्फेक्शनची भीती जास्त.

गोळ्यांचा घोळ तर विचारूच नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही जणांना ठरावीक दिवसच असतात, बऱ्याचदा 21 दिवस, नंतर एकच. कोणी दोन्ही बंद करून टाकतं, कोणी दोन्ही महिनोन्महिने घेत राहतं आणि रक्तस्रावाची भीती वाढवून ठेवतं. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडणारे तर जागोजागी, अहो ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय ना!

मग घरच्यांनाच ट्रेनिंग द्या की, असं कोणी म्हणेल. द्यायलाच हवं, पण सगळं त्यांच्यावर ढकलून भागत नाही. 2017 साली लॅन्सेटमध्ये अटेंड नावाचा अभ्यास आला होता, भारतातल्या 14 हॉस्पिटलांत घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले, तरी 6 महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबी राहणाऱ्यांचं प्रमाण शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत जवळपास सारखंच. मला हे वाचून बरं वाटलं नव्हतं, पण आहे ते आहे. शिवाय स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एका पेशंटला डिप्रेशन येतं आणि घरात त्याला आळशीपणा म्हणतात, व्यायाम कुठून होणार?

म्हणून हॉस्पिटलवाल्यांना सांगणं एवढंच की डिस्चार्जआधी नातेवाईकाला एक जेवण नर्ससमोर भरवायला लावा, कुठली गोळी कधीपर्यंत आणि नळी कधी काढायची हे साध्या भाषेत एका कागदावर लिहून द्या, आणि पहिल्या आठवड्यात तुम्हीच एक फोन करा. घरच्यांनो, परत तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर मला फोन करत बसू नका ("ताई, व्यायामाने जाईल का" असे फोन खरंच येतात), सरळ हॉस्पिटल गाठा, कारण मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

– एक फिजिओथेरपिस्ट
(कृपया नाव छापू नये)