त्या स्टीलवाल्या कंपनीबद्दल

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, पुण्याला दादाकडे जाताना तुम्ही टेबलावर ठेवून गेलात तो, काका ज्या स्टीलच्या कंपनीचे शेअर घ्या म्हणतात तिचा अहवाल वाचून काढला. कंपनी खोटी नाही. पण एफडी मोडून हे शेअर घेऊ नका.

काका म्हणतात, ६ चा पी/ई (म्हणजे शेअरचा भाव वर्षाच्या नफ्याच्या सहापट) म्हणजे स्वस्त. पण तो नफा तेजीच्या वर्षातला आहे. ही कंपनी स्टील बनवत नाही. घेते, गोदामात ठेवते, विकते. १०० रुपये किलोचा माल भाव चढल्यावर १२० ला गेला की २० रुपये नफा दिसतो. मात्र रिकामा रॅक भरायला नवा माल ११५ ने येतो. म्हणजे त्यातले १५ पुन्हा गोदामात, आणि टॅक्स पुऱ्या २० वर. मंदीत उलटं होतं. तोटा दिसतो, पण माल आणि उधारी कमी होऊन रोकड सुटते. म्हणून तेजी-मंदी दोन्ही धरून रोकड किती आली ते मी बघितलं. नफ्याच्या निम्मीही नाही. बाकी सगळी उधारीत आणि मालात अडकलेली, वर बँकेचं कर्ज वाढतंच आहे.

त्यांच्याकडे स्टेनलेसचा साठाही बराच आहे. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसमध्ये साधारण ८ टक्के निकेल असतं, आणि मार्च २०२२ मध्ये लंडनच्या बाजारात निकेल टनाला १ लाख डॉलरच्या वर जाऊन व्यवहारच थांबवावे लागले होते. अशा धातूचा साठा म्हणजे धंद्यातच सट्टा आला, बाप्पा!

शनिवारी इतवारीत लोहा ओळीला, लोखंडाच्या बाजारात जाऊन आले. एका दुकानात ईएन-२४ चे, म्हणजे शाफ्टला लागणाऱ्या मजबूत अलॉय स्टीलचे राउंड बार होते, टोकाला रंग, हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा नंबर) ठोकलेला. बँडसॉवर तुकडा कापता कापता मालक म्हणाले, "हिंगण्याच्या वर्कशॉपवाल्याला अख्खा बार नाही पाहिजे. दीड फूट पाहिजे, आजच पाहिजे, अन् सर्टिफिकेटसकट पाहिजे." तुम्हीच आठवा, शाफ्ट तुटून मशीन बंद पडली की तुमच्या टूलरूममध्ये किलोमागच्या दहा रुपयांसाठी कोणी घासाघीस करायचं का? या धंद्यातली खरी कमाई अशा तातडीच्या छोट्या तुकड्यांत आहे. अहवालातल्या कंपनीची विक्री मात्र बहुतेक ट्रकभर मालाची. जवळच वरठीला सनफ्लॅगसारखा अलॉय स्टीलचा कारखाना असताना एवढा माल घेणारा मधल्या माणसाला किती मार्जिन देणार?

घ्यायचेच असतील तर भाव पडू द्या. माल, येणी आणि रोकड यातून सगळी देणी वजा करून उरेल, त्याहून कमी किमतीत अख्खी कंपनी मिळत असेल, तेव्हा शेअरच्या खात्यातले थोडे पैसे टाकू. एफडी आईच्या औषधपाण्याची आहे, ती तशीच राहू द्या.

काकांना नाही म्हणायला संकोच वाटत असेल तर खुशाल माझं नाव सांगा. पोरगी ऐकत नाही म्हणावं.

तुमची,
मीनू