सायलर मेंदू खात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत विज्ञानकथा मालिकांमधल्या खलनायकांवर आलेला लेख आवडीने वाचला. फक्त अलौकिक शक्ती लाभलेल्या सामान्य माणसांच्या ‘हीरोज’ या अमेरिकी मालिकेतल्या सायलरची ओळख त्यात ‘बळींचे मेंदू खाऊन त्यांच्या शक्ती मिळवणारा खुनी’ अशी करून दिली आहे. ती चूक आहे, आणि या एका चुकीने अख्खं पात्र हातातून निसटतं, म्हणून हे पत्र.

गैरसमज का झाला ते समजण्यासारखं आहे. ही मालिका एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाली. पहिल्या भागांत खुनी अंधारात आणि टोपीआड असतो, दिसतात ती फक्त प्रेतं. लॉस एंजेलिसच्या घरात वॉकर नावाचा माणूस गोठलेला सापडतो, त्याची कवटी वरून कापलेली आणि आतून रिकामी. प्रेक्षकांनी उरलेला तर्क स्वतःच लढवला. त्याचं उत्तर मालिकेनेच सप्टेंबर २००८ मध्ये, तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात दिलं. क्लेअर बेनेट ही शाळकरी मुलगी टेबलावर पडलेली आहे, डोकं उघडलेलं आहे, आणि ती सायलरला विचारते की तू आता हे खाणार का. तो अक्षरशः किळस येऊन नाही म्हणतो. मेंदू पाहून त्याला हवं ते मिळतं. क्लेअरची जखम आपोआप भरून येते, म्हणून ती त्या प्रसंगातून जिवंत उठते. म्हणजे शक्ती मिळायला बळी मरावाच लागतो असंही नाही.

मग तो नेमकं करतो काय? खरं नाव गॅब्रिएल ग्रे, धंदा घड्याळदुरुस्तीचा, गाव न्यूयॉर्क. कुठलीही वस्तू कशी चालते हे त्याला पाहताक्षणी कळतं, ही त्याची मूळ आणि एकमेव स्वतःची शक्ती. बाकी सगळ्या त्याने दुसऱ्यांकडून घेतलेल्या. ‘सायलर’ हे नावही मनगटावरच्या घड्याळाच्या डायलवरून उचललेलं.

लेखकांनी घड्याळजी हा धंदा उगाच निवडलेला नाही. किल्लीच्या घड्याळात स्प्रिंगचा जोर चाकांच्या साखळीतून एस्केप व्हील या दातेरी चाकापर्यंत येतो. तिथे पॅलेट नावाचा आकडा तो जोर एकेका दात्याने सोडतो आणि बॅलन्स व्हील हेलकावे खात राहतं. जुन्या घड्याळांत साधारणपणे तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला ५. असं घड्याळ दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळू लागलं तर कारण काय? मॅग्नेट लागलं असेल तर बॅलन्स व्हीलच्या बारीक स्प्रिंगची, म्हणजे हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके वाढतात. हेअरस्प्रिंगवर तेलाचा अंश गेला तरी हेच होतं. पहिल्या दोषाला चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरवरून एकदा फिरवणं पुरतं, दुसऱ्याला घड्याळ खोलून धुवावं लागतं. उलट, तेल सुकून घड्याळ मागे पडत असेल तर बॅलन्सवरची, वेग कमी-जास्त करणारी रेग्युलेटरची दांडी अधिकच्या खुणेकडे सरकवून आजचं भागतं, पण दोष आतच राहतो. डायलकडे बघून यातलं काहीच ठरवता येत नाही. मागचं झाकण काढावंच लागतं.

सायलर कवटीला मागचं झाकण समजतो. या पात्रातली भीती इथे आहे. रक्ताची चटक असलेले खुनी टीव्हीवर पुष्कळ झाले. हा माणूस कारागिराच्या शांतपणे काम करतो, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा लावून जसं करायचा तसंच. ब्रायन डेव्हिस हा त्याचा पहिला बळी. ब्रायन न शिवता वस्तू हलवू शकतो, त्या शक्तीला घाबरतो, आणि ती काढून टाका म्हणून स्वतःच्या पायाने दुकानात येतो. गॅब्रिएलच्या लेखी ते बिघडून दुरुस्तीला आलेलं घड्याळ. तीच शक्ती पुढे त्याचं हत्यार होते: बोट रोखून कपाळावर हवेतच रेघ ओढायची.

पद्धत ठरलेली म्हणून तिच्या मर्यादाही ठरलेल्या. पहिली, बळी कोण आणि कुठे हे आधी शोधावं लागतं. कोणाकडे शक्ती आहे हे त्याला आपोआप कळत नाही. चेन्नईहून न्यूयॉर्कला आलेले जनुकशास्त्रज्ञ चंद्रा सुरेश यांची अशा माणसांची यादी म्हणूनच इतकी महत्त्वाची. ब्रायनचं नाव तिथूनच मिळालेलं. चंद्रांच्या खुनानंतर त्यांचा मुलगा मोहिंदर त्याच यादीमागे निघतो आणि खुन्यालाच यादीतला झेन टेलर समजून सोबत घेऊन फिरतो. दुसरी, माहिती चुकली की खूनही चुकतो. टेक्सासमधल्या ओडेसाच्या शाळेत तो क्लेअरऐवजी जॅकीला मारतो, कारण क्लेअरने आगीतून माणूस वाचवल्याचं श्रेय जॅकीने स्वतःकडे घेतलेलं असतं. तिसरी मर्यादा सर्वांत सुंदर: शक्ती घेतली की तिचा त्रासही घ्यावा लागतो. मेकॅनिक डेल स्मिदरची तीक्ष्ण श्रवणशक्ती त्याने घेतली, आणि ‘पॅरासाइट’ या अठराव्या भागात मोहिंदर त्याला चहातून औषध देऊन खुर्चीला बांधतो, तेव्हा स्वर जुळवायचा साधा ट्यूनिंग फोर्क त्याला किंचाळायला लावतो.

पुढे हे पात्र का घसरलं, तेही याच हिशेबाने सांगता येतं. दुसरं पर्व लेखकांच्या संपामुळे ११ भागांत आटोपलं आणि त्यात सायलर बहुतेक काळ शक्तीविनाच होता. तो तोटा भरून निघण्यासारखा होता. खरा बिघाड तिसऱ्या पर्वातला. सुरुवात उत्तम होती: भविष्यातला गॅब्रिएल दुसऱ्यांच्या शक्ती उचलू शकणाऱ्या पीटर पेट्रेलीला बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायला देतो, पीटर ते चालू करतो, आणि त्या समजेसोबत तिची अनावर भूकही त्याच्यात शिरते. हे मूळ कल्पनेला धरून होतं. पण थोड्याच भागांत वीज सोडणाऱ्या एल बिशपच्या बाबतीत सायलरला नुसत्या सहानुभूतीने शक्ती मिळाली. आता कवटी उघडायचं कारणच उरलं नाही. कारण गेल्यावरही खून चालू ठेवायचे, म्हणून जन्मदात्यांचा शोध आला. आधी पेट्रेलींचा मुलगा, मग ते खोटं, मग सॅमसन ग्रे. खोटं ओळखण्यापासून रूप बदलण्यापर्यंत शक्तींची भर पडत गेली, आणि कोणती शक्ती कशाची किंमत मागते हे सांगायला कोणाला सवड राहिली नाही. शेवटी त्याला पीटरचा भाऊ नेथन याच्या रूपात कोंबण्यात आलं. सायलर साकारणाऱ्या झॅकरी क्विंटोने हे सगळं प्रामाणिकपणे निभावलं, पण पात्राचं मधलं चाकच काढून घेतल्यावर नटाने किती ओढावं?

पहिल्या पर्वात आईला भेटायला गेलेला गॅब्रिएल आठवावा. विशेष कोणीतरी हो, असा धोशा आयुष्यभर लावलेली आई, आणि तिच्यासमोर घड्याळजीच राहू दे म्हणून परवानगी मागणारा मुलगा. कात्रीच्या झटापटीत ती मरते. त्या एका भागात जितकं कारण आहे, तितकं पुढच्या सगळ्या वंशावळीत मिळून नाही.

ज्या वाचकांनी मालिका पाहिलेली नाही आणि फक्त सायलर समजून घ्यायचा आहे, त्यांनी पहिल्या पर्वातले ८, ९ आणि १० हे भाग सलग पाहावेत, मग १५ ते १८, आणि मग २१. दहावा भाग सहा महिने मागे नेतो. त्यात गॅब्रिएल आधी घड्याळाकडे कसा पाहतो आणि नंतर ब्रायनकडे कसा पाहतो, एवढं नीट लक्ष देऊन पाहावं.

आपले,
विज्ञानकथा मालिकांचे नियमित प्रेक्षक आणि आपले वाचक